घरात दोघांना जुलाब लागलेत: गोळी कुठली, सलाइन कधी, आणि टाकीचं काय?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून हा प्रश्न आलाय. दीड वर्षाच्या मुलीला कालपासून आठ-नऊ वेळा पाण्यासारखी शी झाली, दोनदा उलटी. सासरे ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू. त्यांना आज सकाळपासून पाच जुलाब झाले. त्याच मजल्यावर आणखी दोन घरांत हेच चाललंय. मागच्या शुक्रवारी पाण्याचं शटडाऊन होतं, शनिवारी सोसायटीने टँकर मागवला होता. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना चार गोष्टी हव्या आहेत: लगेच थांबवणारी गोळी कुठली, सलाइन लावून घ्यावं का, मुलीचं दूध बंद करायचं का, आणि हे सगळं टाकीच्या पाण्यामुळे झालं का.

वागळे इस्टेटच्या बाजूला माझा दवाखाना आहे, २८ वर्षं झाली. पाऊस सुरू झाला की रोज हाच प्रश्न येतो, आणि रोज पहिला शब्द ‘गोळी’ हाच असतो. माझा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: दोघांनी शेवटची लघवी कधी केली?

हे मी एका चुकीतून शिकलो. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी साठीचे एक गृहस्थ आले होते. जुलाब किती? सहा. उलटी नाही, ताप नाही, स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेले. शेजारच्या खुर्चीवर १४ जुलाब झालेला एक कॉलेजचा मुलगा कण्हत होता, माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. गृहस्थांना औषध लिहून दिलं आणि घरी पाठवलं. ते बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा त्यांना धरून घेऊन आला. आदल्या संध्याकाळपासून लघवीचा थेंब नव्हता, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, तिप्पट झालं होतं. वाचले, पण आठ दिवस अॅडमिट होते. कॉलेजचा मुलगा तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळत होता. तेव्हापासून जुलाबांचा आकडा मी ऐकून घेतो, पण निर्णय त्यावर घेत नाही.

आतड्याचा हिशेब एकदा समजला की पुढचं सगळं सोपं जातं. मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकीची लाळ, जठररस, पित्त, आतड्याने स्वतः सोडलेला रस. यातलं जवळजवळ सगळं आतडं परत ओढून घेतं, शौचातून जातं ते कपभर. जंतू किंवा त्यांचं विष या ओढण्यात बिघाड करतं, किंवा आतून पाणी सोडण्याचा नळच उघडा ठेवतं, आणि मग लिटरच्या लिटर पाणी खाली वाहून जातं. जातं ते नुसतं पाणी नाही, त्याबरोबर मीठ आणि पोटॅशियमही जातं. माणूस दगावतो तो या जाण्यामुळे. बहुतेक वेळा जंतू दोन-चार दिवसांत आपणहून निघून जातात. तोवर गेलेलं भरत राहायचं, एवढंच घरातल्यांचं आणि डॉक्टरचं काम.

आणि ते भरायला ओआरएससारखं दुसरं काही नाही. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण सर्वात जास्त चुका इथेच होतात.

आतडं बिघडलं तरी त्याचा एक दरवाजा शाबूत राहतो. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी. म्हणून पाण्यात मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या मापाने लागतं. नुसतं पाणी किंवा नुसतं गोड पाणी पाजून भागत नाही. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं मिश्रण ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढ्या मोठ्या औषधाचं पाकीट आपल्याकडे काही रुपयांना मिळतं आणि म्हणूनच बहुधा लोकांना ते औषध वाटत नाही. “डॉक्टर, ते पावडरचं पाणी देतोय हो, पण औषध काय देऊ?” हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो.

मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एका लिटरसाठी असतं. ते अख्खं एकाच वेळी कालवायचं. घरात मापाचं भांडं नसेल तर प्रवासात घेतलेली एक लिटरची पाण्याची बाटली धुऊन वापरा. ग्लासात चमचाभर पावडर टाकून बाकीचं पाकीट रबर लावून डब्यात ठेवणं चूक आहे. पावडरमधली मीठं एकसारखी मिसळलेली राहत नाहीत, आणि कमी पाण्यात जास्त पावडर पडली तर लहान मुलाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या. पावडर टाकल्यावर उकळू नका. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, लहान मुलासाठी तीच बरी.

दुकानात तयार डबीतलं घेत असाल तर नाव वाचून भुलू नका. ‘ओआरएस’ हे शब्द मिरवणारी पण साखरेने गच्च भरलेली फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. साखर जास्त झाली की ती आतड्यातच पाणी ओढून धरते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस याच कारणाने नको. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. रात्री दोन वाजता पाकीट नसेलच, तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट, शीग लावून नाही. सकाळी मेडिकल उघडलं की पाकीट आणा. भाताची पेज, मीठ घातलेलं ताक, डाळीचं वरचं पाणी हे सोबत चालेल. नारळपाणीही चालेल, पण त्यात सोडियम फारसं नसतं, म्हणून ते ओआरएसच्या जागी नको.

आता तुमच्या मुलीकडे येतो. डायपर काढा. पाण्यासारखी शी आणि लघवी डायपरमध्ये एकच होऊन जाते, आणि आई सांगते, “डायपर तर भरलाय.” सुती लंगोट घाला, पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा, मग खरं कळेल. सहा तासांत लघवी नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि थोडीशी, तर पाणी कमी पडतंय. मग बाकीचं बघा. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. एक गोष्ट आजींनाही सांगा: बाळाची टाळू आत गेली की घरोघरी तेलाने ‘टाळू भरतात’. आत गेलेली टाळू म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. तेल डोक्यावर घातलंत तरी चालेल, पण पाणी तोंडातून घाला. दात येताना जुलाब होणारच, हेही मनातून काढा. दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्यामुळे होतात.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस द्यायचं. १०० मिली म्हणजे चहाचे २० चमचे. बाटलीने नको, कारण तहानलेलं मूल गटागटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. मागे कळव्याहून एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली वाटी-चमचा घेऊन बसल्या होत्या, मिनिटाला एक चमचा, आणि प्रत्येक दहा चमच्यांना जमिनीवर एक शेंगदाणा मांडायचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायच्या, मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा. दोन तासांत त्यांच्यासमोर सात शेंगदाणे होते, आणि मुलाने लघवी केली तेव्हा नातवापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. त्या मुलाला सलाइन लागलं नाही. दवाखान्यात शिर सापडेपर्यंत जो अर्धा तास जातो, तेवढ्यात या बाईंनी सलाइनचं काम सुरू करून टाकलं होतं.

डोळे खोल गेलेत, चिडचिड आहे, हावरटासारखं पाणी पितेय, असं दिसलं तर दवाखान्यात या. तिथेही बहुतेक वेळा तोंडानेच देतो: वजनाच्या दर किलोला ७५ मिली, चार तासांत. दहा किलोच्या मुलीला ७५० मिली. पण मूल ग्लानीत असेल, उठवून उठत नसेल, प्यायला तयारच नसेल, प्यायलेलं सगळं बाहेर टाकत असेल, तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल. शीमधून रक्त पडलं तरी त्याच दिवशी दाखवा. सलाइन या मुलांसाठी आहे. ‘अशक्तपणा वाटतोय, एक बाटली लावून टाका’ म्हणून येणाऱ्या, चालत-बोलत असलेल्या माणसाला त्या बाटलीतून जे मिळतं, ते तोंडाने स्वस्तात मिळतं. मी नाही म्हटलं की काही जण पलीकडच्या गल्लीत जाऊन लावून घेतात, हेही मला माहीत आहे.

दूध बंद करू नका. अंगावरचं पीत असेल तर उलट जास्त वेळा पाजा. वरचं दूधही चालू ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त जुलाब चालले आणि दूध प्यायलं की शी आंबट वासाची, फेसाळ होतेय असं दिसलं, तर मात्र दुधाबद्दल वेगळा विचार करू. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवणं हा सर्वात जुना गैरसमज. आतड्याच्या आतला थर अन्नानेच भरून येतो. मऊ भात, त्यावर वरण आणि चमचाभर तूप, मेतकूट-भात, दही, केळं, जे खाईल ते थोडं थोडं. आणि झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. चमचाभर पाण्यात विरघळणारी गोळी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवू नका. ते जुलाबांचे दिवस कमी करतं, आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब लागण्याची शक्यताही कमी करतं. मुलीचे रोटाव्हायरसचे तीन डोस, ६, १० आणि १४ आठवड्यांचे, झालेत का तेही कार्डावर बघा. झाले असले तरी जुलाब होऊ शकतात, पण जीवावर बेतणारे सहसा होत नाहीत.

सासऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, आणि तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे. म्हातारी माणसं तहान लागली म्हणत नाहीत, आणि संडासला जायला नको म्हणून पाणी पिणं मुद्दाम कमी करतात. ओआरएस गोड म्हणून शुगरवाले ते टाळतात. एका लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. साधारण एका पोळीत पिष्ट असतं तेवढंच. निर्धास्त द्या, प्रत्येक जुलाबानंतर एक मोठा ग्लास, घोट घोट. बीपीच्या काही गोळ्या आणि शुगरच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन धरून, अंगात पाणी कमी असताना किडनीवर भार टाकतात किंवा इतर गडबड करतात. जेवण कमी आणि गोळी तेवढीच, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, कुठली थांबवायची आणि कधी सुरू करायची. उद्यावर ढकलू नका. उठताना चक्कर, बोलण्यात गोंधळ किंवा आठ तास लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर त्यांना घेऊन निघा. त्यांच्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.

आता थांबवणाऱ्या गोळीबद्दल. आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्याच नाहीत. मोठ्यांनाही ताप किंवा रक्त असेल तर नाही, कारण घाण आत कोंडली जाते. आणि मेडिकलवाला न विचारता हातात ठेवतो ती दोन औषधांची जोडगोळी, एक अँटिबायोटिक आणि एक अमिबावरचं? पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात, रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरस. त्यांना अँटिबायोटिकने काडीचा फरक पडत नाही. तिसऱ्या दिवशी आजार तसाही उतरतो आणि श्रेय गोळीला जातं. अँटिबायोटिक लागतं ते आव-रक्त पडत असेल आणि ताप, मुरडा असेल तेव्हा. किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब धो-धो वाहत असतील, म्हणजे पटकीचा संशय, तेव्हा. दोन्हींत डॉक्टर हवाच.

कारण शोधताना मी घड्याळ विचारतो. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेलं विष: हलवायाच्या हातावरच्या फोडातला जंतू, किंवा सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलेला भात. त्या भाताला परत परतलं तरी ते विष जात नाही. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब आले, तर मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेलं मटण किंवा डाळ आठवून बघा. एक-दोन दिवसांनी, आणि घरात एकापाठोपाठ एक, तर विषाणू. आठवडा-दोन आठवडे ढेकर, फुगारा, तेलकट दुर्गंधी शी, तर जिआर्डिया नावाचा परजीवी. आणि कधी कधी कारण औषधांच्या डब्यातच असतं: दात काढल्यावर दिलेलं अँटिबायोटिक, नवीन सुरू केलेलं मेटफॉर्मिन, मॅग्नेशियमवालं अॅसिडिटीचं औषध. दोन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब ही वेगळी गोष्ट आहे. वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर तपासण्या कराव्याच लागतात.

तुमच्याकडे शटडाऊन शुक्रवारी, टँकर शनिवारी, आणि एकाच मजल्यावर तीन घरं. पाण्यावर संशय घ्यायला पुरेसं आहे, सिद्ध करायला नाही. तीन घरांची मुलं एकत्र खेळत असतील तर विषाणू हाताहातानेही गेला असेल. शहाणपण यात की दोन्ही धरून चालायचं. ठाण्यात पाणी महापालिकेच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि थोडं मुंबई महापालिकेकडून येतं. तिथे त्यात क्लोरीन घातलेलं असतं. बिघडतं ते वाटेत. पुरवठा बंद पडला की पाइपातला दाब जातो, आणि फुटक्या सांध्यातून बाजूच्या गटाराचं पाणी आत शिरतं. लाइनवर थेट पंप लावून खेचणारे लोक ही ओढ आणखी वाढवतात. म्हणून शटडाऊननंतर येणारं पहिलं पाणी गढूळ दिसलं की ते टाकीत घेऊच नये, वाहू द्यावं.

सेक्रेटरींना सांगून उद्याच एक काम करा. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओटी टेस्टचं किट स्वस्त असतं. खालच्या टाकीचं, गच्चीवरच्या टाकीचं आणि तुमच्या नळाचं पाणी वेगवेगळ्या नळ्यांत घ्या, दोन-चार थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. खाली पिवळं आणि नळाला पांढरं दिसलं तर क्लोरीन मधे कुठे तरी खर्च होतंय, म्हणजे गच्चीच्या टाकीत घाण आहे. टाकीचं झाकण उघडून बघा. मी एका सोसायटीत बघितलं होतं तेव्हा झाकणाच्या जागी पत्रा होता आणि त्यावर कबुतरं. टँकरवाल्याला पाणी कुठून भरलं ते विचारा, आणि ते पाणी टाकीत घेण्याआधीच टेस्ट करा. महापालिकेच्या आरोग्य केंद्राला मजल्यावरच्या सगळ्या पेशंटची माहिती द्या. पाण्याचे नमुने तेच तपासायला पाठवतात.

तोवर पाणी उकळा, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट. ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे मी ऐकून आहे. त्याच्या कार्ट्रिजची तारीख बघा, आणि दात घासायला, कोथिंबीर धुवायला, बर्फाच्या ट्रेमध्ये कुठलं पाणी वापरता तेही बघा. हात साबणानेच धुवा, नोरोव्हायरसवर सॅनिटायझर भरवशाचा नाही. शी धुणाऱ्या व्यक्तीने निदान दोन दिवस पोळ्या लाटू नयेत. घरात ते कसं जमवायचं ते तुम्हीच ठरवा, पण बहुतेक घरांत दोन्ही कामं एकाच बाईकडे असतात, आणि तिसरा पेशंट तीच असते.

आज रात्री नऊ वाजता दोघांच्या लघवीची वेळ कागदावर लिहा, आणि सकाळी परत. सकाळच्या रकान्यात कुणाचंही रिकामं राहिलं तर तोच कागद घेऊन या.